विरघळतं ना, मग भीती कसली?

गेल्या उन्हाळ्यात शिंदखेडा तालुक्यात एका नातेवाइकाकडे गेलो होतो. त्यांच्या धाकट्या मुलाचा गुडघा कबड्डीत गेला होता आणि लिगामेंटचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. पाय उशीवर ठेवून पोरगं खाटेवर पडलेलं. मला म्हणालं, "काका, आत जो स्क्रू घातलाय ना, तो लोखंडाचा नाही. मक्यापासून केलेला आहे. दोन वर्षांत आपोआप विरघळतो. परत काढायची भानगडच नाही." वडील मका पिकवतात आणि दोंडाईचाला नेऊन विकतात. ते हसून म्हणाले, "काय सांगस भो! आपलाच मका आपल्याच गुडघ्यात!" सगळे हसले, मीही हसलो. मग थोरल्या मुलाने विषयावर पडदा टाकला. "विरघळतं ना, मग भीती कसली? नैसर्गिकच आहे सगळं."

चहा आला आणि मी गप्प बसलो. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने पाहुणचारात फळा मांडू नये, एवढी अक्कल वयाने येते. पण ते वाक्य माझ्यासोबत एसटीत बसून जळगावपर्यंत आलं. नंतर लक्षात आलं की ते त्या घरापुरतं नाहीच. टाक्यांच्या धाग्यापासून हृदयातल्या स्टेंटपर्यंत, दुकानदारापासून सुशिक्षित पेशंटपर्यंत, कधी कधी तर डॉक्टरांच्या तोंडूनही तेच ऐकू येतं. विरघळणारं ते निर्धोक. विरघळणारं ते नैसर्गिक. विरघळणारं ते महाग असलं तरी चांगलं. या तिन्ही गोष्टी मला मान्य नाहीत. तेव्हा न बोललेलं आता लिहितो.

आधी मक्याचं बघू. दोंडाईचाला स्टार्चचा कारखाना आहे, त्यामुळे मक्यातून स्टार्च निघतो हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पुढची वाट मात्र लांब आहे. स्टार्चचं ग्लुकोज होतं. जिवाणू ते आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात. त्या आम्लाचे दोन-दोन रेणू जोडून लॅक्टाइड नावाचं कडं तयार होतं. मग बहुधा कथिलाचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरून हजारो कडी उघडतात आणि त्यांची एक लांब साखळी होते. ही साखळी म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, थोडक्यात पीएलए. शेवटी जे हाती येतं त्यात मक्याचं म्हणण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. वैद्यकीय दर्जाच्या पीएलएची सगळी कसोटी पुढच्या गोष्टींवर असते: न जुळलेलं लॅक्टाइड किती राहिलं, कथिल किती राहिलं, साखळ्या किती लांबीच्या आहेत. आइस्क्रीमचा कप आणि गुडघ्यातला स्क्रू एकाच मक्यापासून होऊ शकतात. त्यांच्यातला फरक शेतात पडत नाही, शुद्धीकरणाच्या टाकीत पडतो.

तरीही कुणी 'नैसर्गिक' हा शब्द सोडायला तयार नसेल, तर मी त्याला दोन धागे दाखवीन. पहिला पॉलिग्लायकोलिक आम्लाचा. त्याचं ग्लायकोलिक आम्ल कारखान्यात फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून बनवतात. मक्याशी, उसाशी, शेतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. १९७० च्या सुमारास हा धागा बाजारात आला. १९७४ साली त्याचं धाकटं भावंड आलं, ज्याला आपण दवाखान्यात 'विक्रिल' म्हणतो. त्यात ग्लायकोलाइड नव्वद भाग आणि लॅक्टाइड दहा भाग. आज सिझेरियन झालेल्या किती बायकांच्या पोटात हा धागा येऊन गेला, याची गणती करायलाही कुणी बसत नाही. दुसरा धागा कॅटगटचा. नाव मांजराचं, पण माल मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचा. याहून नैसर्गिक धागा शोधूनही सापडणार नाही. जोसेफ लिस्टरने एकोणिसाव्या शतकात तो कार्बोलिक आम्लात बुडवून जंतुविरहित करायची खटपट केली आणि पुढे क्रोमिक आम्लाने तो सावकाश विघटित होईल असा केला. आपल्याकडे 'क्रोमिक' हा शब्द नर्सच्या तोंडी बसला तो तिथूनच. पण कॅटगट हे परक्या प्राण्याचं प्रथिन. शरीर ते विकरांनी खातं आणि खाताना भरपूर सूज आणतं. बाळंतपणातल्या टाक्यांवरच्या अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं की कृत्रिम विघटनशील धाग्याने शिवलेल्या बायकांना कॅटगटपेक्षा दुखणं कमी होतं आणि वेदनाशामक गोळ्याही कमी लागतात. 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने युरोपने २००१ च्या आसपास कॅटगट बंदच केला. म्हणजे या जोडीतला निसर्गाचा लाडका धागा जास्त त्रास देणारा निघाला आणि रसायनाच्या कारखान्यातला कमी. धोतऱ्याचं बीही बांधावरच उगवतं. त्याला कुणी नैसर्गिक म्हणून तोंडात टाकत नाही.

सुश्रुताचं नाव इथे हमखास निघतं. निघू दे. आतडं फाटलं तर कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्यावं, मग धड तोडून डोकी तशीच ठेवून पोट शिवावं, असं सुश्रुतसंहितेत आहे. विघटनशील टाक्याची ही फार जुनी आणि फार हुशार कल्पना. पण तिच्यातलं शहाणपण 'मुंगी नैसर्गिक आहे' या बाजूला नाही. आतड्याला आधार कुठे हवा आणि किती दिवस हवा, हे त्या माणसाने ओळखलं होतं.

खरा मुद्दा हा 'किती दिवस'चा आहे, आणि तिथे आपली भाषाच आपल्याला फसवते. 'विरघळणारे टाके' हा शब्दप्रयोग आता मोडता येणार नाही, पण तो चुकीचा आहे. साखर चहात विरघळते तेव्हा साखरच राहते, फक्त दिसेनाशी होते. हा धागा तसा विरघळत नाही. पाणी त्याच्या साखळ्या एकेका सांध्यावर तोडत जातं. साखळ्या आखूड होतात, धाग्यातलं बळ जातं, मग तुकडे पडतात आणि सर्वांत शेवटी शरीरातल्या पेशी ते तुकडे उचलून नेतात. बळ आधी जातं आणि वस्तू नंतर. विक्रिलचं बघा: दोन आठवड्यांनी त्यात सुमारे तीन चतुर्थांश ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, चौथ्या आठवड्यात पाव. पण धागा पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. मधल्या महिनाभरात तो तिथे असतो, पण कामाचा नसतो. पॉलिडायऑक्झॅनोनच्या धाग्याला हीच वाट चालायला सहा-सात महिने लागतात. म्हणून पोट उघडल्यावर त्याचा मजबूत पडदा शिवताना सर्जन असा सावकाश जाणारा धागा घेतात. तो पडदा दोन आठवड्यांत सांधत नाही. तिथे घाईत जाणारा धागा घातला तर हर्नियाचा धोका वाढतो.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षं घडत आलं आहे. बाईच्या नसबंदीची पोमेरॉय पद्धत. नळीचं वेटोळं करून त्याच्या मुळाशी साधा कॅटगट बांधतात आणि वरचा भाग कापतात. साधाच कॅटगट का? कारण तो लवकर जातो. तो गेला की नळीची दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर होतात आणि बंद राहतात. तिथे टिकाऊ धागा घातला तर दोन्ही टोकं जवळजवळ बांधलेली राहून मधून वाट निघायची शक्यता वाढते. एकाच शरीरात, हाताच्या अंतरावर, एका ठिकाणी धाग्याने लवकर जावं यात भलं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने टिकावं यात. मग 'विघटनशील म्हणजे सुरक्षित' हे वाक्य नेमकं कोणत्या ठिकाणासाठी म्हणायचं?

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. ते म्हणतात: पीएलएचं शेवटी लॅक्टिक आम्लच होतं, पळाल्यावर स्नायूंत साठतं तेच, पुढे त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. यात विषारी काय? रसायनशास्त्र म्हणून हे बरोबर आहे, आणि मी ते वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिलं आहे. चूक आहे ती या हिशोबात वेळ आणि जागा न धरण्यात.

फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात हेलसिंकीच्या सर्जनांनी मोडलेली हाडं जोडायला पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या पिना वापरायला सुरुवात केली. कल्पना सुंदर होती: हाड जुळेल, पिन जाईल आणि दुसरं ऑपरेशन टळेल. बऱ्याच जणांचं तसं झालंही. पण काही आठवड्यांनी काहींच्या जखमेवर गाठ यायची, फुटायची आणि द्रव वाहायचा. तो तपासला तर त्यात जंतू सापडायचे नाहीत. पिन वेगाने तुटत होती, आम्ल आसपासच्या पेशींना आणि रक्ताला उचलता येत नव्हतं, ते तिथेच साचत होतं. पुढे तिथल्याच बॉस्टमन आणि पिहलायामाकी यांनी २,५२८ रुग्णांचा हिशोब मांडला. असा त्रास एकूण ४.३ टक्क्यांना झाला होता; पॉलिग्लायकोलिकच्या बाबतीत ५.३ टक्के आणि सावकाश जाणाऱ्या पॉलिलॅक्टिकच्या बाबतीत ०.२ टक्के. दोन्ही विघटनशील, दोन्हींचा शेवट पाण्यात, पण त्रासात पंचवीस पटींहून अधिक फरक. आणि जाड तुकड्यात एक आणखी गंमत होते, ती मी शिकवत असताना मुलांना पटायची नाही. पृष्ठभागावरचं आम्ल निघून जातं, आतलं अडकतं, आणि अडकलेलं आम्ल आतल्या साखळ्या आणखी वेगाने तोडतं. वरून कडक आणि आतून पिचलेलं कलिंगड असतं ना, अगदी तसं. म्हणून बारीक धागा आणि जाड स्क्रू एकाच पदार्थाचे असले तरी एकच अनुभव देतील असं धरता येत नाही.

"मग सावकाश जाणारं वापरा, प्रश्न संपला," असं कुणी म्हणेल. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी तेही करून बघितलं. गालाचं हाड मोडलेल्या दहा जणांना पॉलिलॅक्टिकच्या पट्ट्या आणि स्क्रू बसवले. सुरुवातीला सगळं उत्तम, हाडं जुळली. तीन वर्षं उलटून गेल्यावर त्यांतले काही गालावर सूज घेऊन परत आले. उघडून पाहिलं तर पट्टीचं रूप गेलं होतं, पण बारीक स्फटिकी कण मागे उरले होते आणि पेशी ते गिळून बसल्या होत्या. पाच वर्षं उलटल्यावरही ते कण संपले नव्हते. सामान्य तापमानाला घट्ट स्फटिकी पीएलए फार हट्टी असतं. जैवसुसंगतीची, म्हणजे पदार्थ शरीराला मानवतो का याची, चाचणी बारा आठवड्यांत आटोपून 'पास' म्हणून मोकळं होणाऱ्यांसाठी हा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. म्हणूनच विघटनशील पदार्थ शरीरात बसवून करायच्या चाचण्या तो पूर्ण जाईपर्यंत किंवा ऊती एका स्थिर अवस्थेला येईपर्यंत चालवाव्यात, असं आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द भाजीबाजारात पोचला. हिरवी पिशवी, हिरवं पान छापलेलं, आणि दुकानदार म्हणतो, मातीत जाते. त्या पिशवीची खात्री ज्या चाचणीत करतात, तिथे कंपोस्टच्या ढिगाचं तापमान ५८ अंशांच्या आसपास ठेवतात. शरीर ३७ अंशांचं आणि बंद. तिथे ऑक्सिजन, जिवाणू, ओलावा सगळं वेगळं. पिशवीला मिळालेलं पान पाहून गुडघ्यातल्या स्क्रूवर विश्वास टाकणं म्हणजे गुऱ्हाळाचा दाखला घेऊन शस्त्रक्रियागृहात शिरण्यासारखं आहे. शब्द एकच असला तरी परीक्षा दोन वेगळ्या.

गंमत म्हणजे, आमच्या जळगावला हे सांगावं लागू नये. पाइप, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकची चटई यांवर एमआयडीसी उभी आहे. केळीचा शेतकरी ठिबकची लॅटरल घेताना आयएसआयचा शिक्का बघतो, नळीची जाडी चिमटीत धरून बघतो आणि उन्हात किती वर्षं टिकेल हे हक्काने विचारतो. तोच माणूस गुडघ्यात पॉलिमर घालून घरी येतो आणि एकही प्रश्न विचारत नाही.

आता हृदयाकडे येतो, कारण विरघळण्याच्या भक्तीची सर्वांत मोठी परीक्षा तिथे झाली. अॅबट कंपनीचा 'अॅब्सॉर्ब' नावाचा स्टेंट पूर्णपणे पॉलिलॅक्टिक आम्लाचा होता, धातू जवळजवळ नाही. तीन वर्षांत तो शोषला जाईल आणि रक्तवाहिनी पुन्हा मोकळी, स्वतःच्या लयीत फुलेल-आकसेल, अशी कल्पना. २०११ च्या सुमारास युरोपात मान्यता मिळाली, पुढे तो भारतातही आला आणि लाखाच्या पुढच्या किमतीला विकला गेला. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेनेही मान्यता दिली. त्याच काळात आकडे उलटे बोलू लागले. दोन वर्षांच्या हिशोबात अॅब्सॉर्ब बसवलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकाराची गंभीर घटना घडली. तुलनेतल्या धातूच्या स्टेंटमध्ये ७.९ टक्क्यांना. स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण १.९ टक्के विरुद्ध ०.८. डच डॉक्टरांच्या दुसऱ्या अभ्यासात गुठळीचा फरक आणखी मोठा निघाला: ३.५ विरुद्ध ०.९ टक्के. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने डॉक्टरांना पत्र लिहून सावध केलं. सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि कारण दिलं, मागणी कमी.

हे का झालं, हे नीट बघण्यासारखं आहे. लॅक्टिक आम्लाने कुणाला विषबाधा झाली नव्हती. रसायन निर्दोष होतं, यंत्र सदोष होतं. पीएलए धातूइतकं बळकट नाही, म्हणून स्टेंटच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. तुलनेतल्या धातूच्या काड्या ८० च्या आसपास. जाड काडीमागे रक्त घोटाळतं. काडी भिंतीला नीट टेकली नसेल आणि मग विघटन सुरू झालं, तर तिचे तुकडे वाहिनीच्या पोकळीत लोंबतात. 'काय उरतं' याची काळजी करता करता 'ते कसं जातं' याकडे दुर्लक्ष झालं. जैवसुसंगती ही नुसती विषाच्या मोजमापाची गोष्ट असती, तर अॅब्सॉर्ब आजही विकला गेला असता.

त्याच सुमारास इकडे एक वेगळा निर्णय झाला आणि त्याबद्दल मला आनंद वाटतो. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये. पूर्ण विघटनशील स्टेंटला त्यांनी वेगळी, चढी पंगत दिली नाही, औषधी स्टेंटबरोबरच बसवलं. कंपन्यांनी खूप आरडाओरडा केला. पण तोवरच्या पुराव्यात 'विरघळतो' या एका गुणाने पेशंटचं जास्त भलं झाल्याचं दिसत नव्हतं, मग त्याचे जास्त पैसे कशाचे?

आणि आता माझ्याच बाजूच्या घाईखोरांचा थोडा पाणउतारा. अॅब्सॉर्बच्या पडझडीनंतर "पॉलिमर शरीरात नकोच" म्हणणारेही पुष्कळ निघाले. त्यांनी पुढचं बघावं. तीच कंपनी, त्याच कुळातला पॉलिमर, पण पातळ काड्या आणि वेगळी जागा: गुडघ्याखालच्या पायाच्या रक्तवाहिन्या. मधुमेहात त्या बंद पडल्या की पाय काळा पडतो आणि कापावा लागतो. तिथे धातूचा स्टेंट फारसा चालत नाही, नुसता फुगा मारला तर वाहिनी पुन्हा मिटते. २६१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने नुसत्या फुग्याच्या गटात ४४ टक्के, तर विघटनशील स्टेंटच्या गटात ७४ टक्के पेशंटांचा पाय वाचला होता आणि वाहिनी पुन्हा मिटली नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. हृदयात जो पदार्थ हरला, तोच पायात जिंकला. म्हणून 'पॉलिमर चांगलं की वाईट' हा प्रश्नच मला बाष्कळ वाटतो. कुठे, किती जाड, किती वेगाने आणि कशाच्या तुलनेत, हे चार शब्द जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सुरतचं नाव घेतल्याशिवाय खान्देशातल्या हृदयाची गोष्ट पूर्ण होत नाही. उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश राहतो, ताप्ती लाइनची गाडी नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरचे पेशंट तिकडे नेते. त्याच सुरतच्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजचा 'सुप्राफ्लेक्स' स्टेंट युरोपातल्या २३ केंद्रांत १,४३५ रुग्णांवर जगातल्या नावाजलेल्या स्टेंटच्या बरोबरीने तपासला गेला, आणि निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: वर्षभरात स्टेंटशी संबंधित वाईट घटना सुप्राफ्लेक्समध्ये ४.९ टक्के, दुसऱ्यात ५.३. 'देशी म्हणजे कच्चं' म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. आणि 'विघटनशील म्हणजे सरस' म्हणणाऱ्यांनीही बघावेत, कारण निष्कर्ष 'सरस' असा नव्हता, 'बरोबरीचा' असा होता. शिवाय या स्टेंटमध्ये विघटनशील आहे तो औषध धरणारा पातळ लेप. खालचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा जन्मभर तिथेच राहतो. धुळ्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला अभिमानाने सांगितलं होतं, "माझा स्टेंट तर वर्षात विरघळला." त्यांचा स्टेंट जागच्या जागी होता. गेला होता तो लेप. 'बायोडिग्रेडेबल पॉलिमर स्टेंट' या तीन शब्दांत त्यांनी 'स्टेंट' ऐकला, 'पॉलिमर' सोडून दिला. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आता उन्हाबद्दल. आमच्याकडे या विषयात ज्याची चर्चा व्हायला हवी आणि होत नाही, ते हेच. या पदार्थांना तोडतं ते पाणी, आणि उष्णता ते काम वेगात करते. म्हणून विघटनशील धागे ओलावा रोखणाऱ्या पाकिटात सीलबंद येतात आणि त्यांवर लिहिलेलं असतं: २५ अंशांखाली ठेवा. औषध सावकाश सोडणाऱ्या पीएलजीए या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्या किंवा काड्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये इंजेक्शनने देतात. गोसेरेलिनची काडी २५ अंशांखाली ठेवायची असते. यातली बरीच पॉलिमरं ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान आपला काचेसारखा ताठपणा सोडून मऊ पडू लागतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. बंद मालगाडीत, पत्र्याच्या गोदामात, मोटारसायकलच्या डिकीत काय होत असेल, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. जळगावच्या दुकानातून इंजेक्शन घेऊन भर दुपारी डिकीत टाकून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेणारे लोक मी पाहिलेत. औषध महिना-तीन महिने सावकाश सुटायला हवं, त्याचा हिशोब तिथेच बिघडू शकतो, आणि बिघडला तरी बाहेरून काही दिसणार नाही. एकदा उघडलेल्या पाकिटातला उरलेला धागा स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवायची सवय छोट्या दवाखान्यांत जुनी आहे. कॅटगटच्या काळात ती कदाचित चालून गेली असेल. या धाग्यांना ती चालत नाही, कारण पाकीट फुटलं की हवेतल्या ओलाव्याने घड्याळ सुरू झालेलं असतं.

"एवढं कोण बघतं?" हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्याला उत्तर आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि शरीरात शोषून जाणारं रोपण त्यांत सर्वाधिक जोखमीच्या 'ड' वर्गात येतं. म्हणजे 'विरघळतं म्हणून निर्धोक' या समजुतीच्या नेमकं उलट सरकारनेच लिहून ठेवलं आहे. उपकरणांमुळे झालेला त्रास नोंदवायला २०१५ पासून मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण डॉक्टरांनी कळवणं ऐच्छिक आहे, आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जंतू न सापडणारी गाठ फुटली तर ती बहुधा 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकवर ढकलली जाते. ज्याची नोंदच नाही त्याचा दोष सिद्ध कसा व्हायचा? मग आपण म्हणतो, आमच्याकडे कधी काही झालं नाही.

फार मोठं काही मागत नाही मी. जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचा विभाग आहे, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राची नावाजलेली संस्था आहे, धुळ्यात आणि जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एप्रिल ते जून दहा-वीस औषध दुकानांत आणि गोदामांत तापमान टिपणारी यंत्रं ठेवायची आणि त्याच धाग्यांची ताकद उन्हाळ्याआधी व उन्हाळ्यानंतर ताणून बघायची. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं काम आहे. धागे ठीक निघाले तर मी जाहीर माफी मागीन. या लेखातल्या बाकी मुद्द्यांवर मात्र नाही.

त्या दिवशी निघताना मी पोराला त्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवायला सांगितलं. गुडघ्यातला स्क्रू कोणत्या पॉलिमरचा आहे, नुसता पीएलए की त्यात कॅल्शियमचं मिश्रण आहे, किती वर्षांत जायला हवा, कोणत्या लॉटचा, हे मला बघायचं होतं. अशा रोपणाच्या पाकिटात लॉट नंबरचे चिकटवायचे कागद येतात. एक पेशंटच्या फाइलवर लावायचा असतो. कार्डावर कागद नव्हता. इंग्रजीत एकच शब्द होता: बायोस्क्रू.

मी वर मान केली तर पोराचे वडील खिशातून दुसराच कागद काढून मला दाखवत होते. आदल्या आठवड्यात विकलेल्या मक्याची पावती, भाव कसा पाडला ते सांगायला. तिच्यावर गाडीचा नंबर होता, भरलेलं वजन, रिकामं वजन, क्विंटलचा भाव, तारीख, आणि एका चौकटीत ठळक अक्षरांत मक्यातला ओलावा, टक्क्यांमध्ये, दशांशासकट.